फोटोच्या मागची ओळ

आमच्या वाचनालयाच्या वेबसाइटवर एक फोटो आहे. व्यासपीठावर समितीची माणसं ओळीनं उभी आहेत. मधे एक म्हातारी बाई, अंगावर हिरवी शाल, हातात नारळ. फोटोखाली इतकी वर्षं एक वाक्य होतं: ‘पुस्तक निवड समितीच्या ज्येष्ठ सदस्या प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छेने निवृत्त झाल्या, त्यानिमित्त सत्कार.’ ते वाक्य मी लिहिलं होतं. फोटोतली शाल खरी, नारळ खरा. वाक्य खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे लिहितानाच मला ठाऊक होतं.

फोटोतली बाई माझी थोरली बहीण. आम्ही तिला आक्का म्हणतो, म्हणून वाचनालयातही सगळे आक्काच म्हणायचे. संकेश्वरच्या मराठी शाळेत तिनं जन्मभर शिकवलं. निवृत्त झाली, पुढं दाजी गेले, आणि घरात दिवसभर तिला कुणी काही विचारेनासं झालं. त्या दिवसांत तिला आमच्या पुस्तक निवड समितीवर घेतलं. दर शनिवारी उसाच्या ट्रॅक्टरांमागं रखडत येणाऱ्या बसनं ती निपाणीला यायची. विक्रेता पुस्तकांचे गठ्ठे सोडायचा आणि आक्का उभ्या उभ्या एकेक पुस्तक मधेच उघडून पानभर वाचायची. “पहिलं पान समदेच नटवून लिवत्यात,” म्हणायची, “मधलं बघावं.” तिनं नको म्हटलेलं पुस्तक आम्ही हट्टानं घेतलं की ते कपाटात नवंच्या नवं राहायचं. त्या शनिवारावर ती जगत होती, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

मी छापखानेवाला. निपाणीत आयुष्य गेलं ते लग्नपत्रिका, हँडबिलं आणि बिडीच्या कट्ट्यांची लेबलं छापण्यात. आधी शिशाचे खिळे जुळवले, मग कॉम्प्युटर आला. कॉम्प्युटर आल्यावर आमच्या धंद्यात एक सवय लागली, ती इथं सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं. त्या काळी मराठी फाँट प्रत्येकाचा वेगळा. मी निपाणीत जुळवलेली पत्रिका कोल्हापूरला छपाईची प्लेट करायला पाठवली की तिथल्या कॉम्प्युटरवर तिचा चुराडा व्हायचा. वेलांटी एकीकडं, रफार दुसरीकडं, ‘श्री’च्या जागी चौकोन. एका लग्नपत्रिकेत नवऱ्यामुलाच्या आडनावाचं असं काही झालं की मुलीचा बाप माझ्या दारात येऊन बसला. तेव्हापासून मी ठरवलं: काम बाहेर पाठवायच्या आधी अक्षरांचं चित्र करून टाकायचं. ‘कर्व्ह करणं’ म्हणतात त्याला. एकदा कर्व्ह केलं की ते अक्षर राहत नाही, अक्षराच्या आकाराची रेषा राहते. मग जगातल्या कुठल्याही यंत्रावर उघडा, वेलांटी हलत नाही. आमच्यातल्या कुणाचाच हात कर्व्ह केल्याशिवाय फाइल सोडत नसे.

वाचनालयाची वेबसाइट करायची ठरली तेव्हा साहजिकच काम माझ्याकडं आलं. मांडणी बेळगावात माझ्या सुनेनं करून दिली. ती उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कॉम्प्युटरचं काम बघते. मजकूर माझा. तोवर मराठी सरळ टाइप करायची सोय सगळीकडं आली होती. सुनेनं सांगितलंही, “मामा, आता फुटत नाही मराठी. सरळ टाइप करा.” मी ऐकलं नाही. एक तर हाताची सवय. आणि दुसरं असं, की आमच्या या सीमाभागात मराठी पाटीवर दिसणं हीच मोठी गोष्ट असते. दिसली पाहिजे, ठसठशीत दिसली पाहिजे, कुणाला खोडता आली नाही पाहिजे. मी प्रत्येक पान सुंदर अक्षरांत जुळवलं, चित्र केलं आणि चढवलं. बाहेरगावच्या लोकांसाठी एक कन्नड आणि एक इंग्रजी पान हवं होतं. त्या पानांवर माझा जीव नव्हता. एका कन्नड मास्तरांनी ती सरळ टाइप करून दिली आणि मी तशीच ठेवून दिली.

वेबसाइट लोकांना फार आवडली. एका कार्यक्रमात बेळगावच्या पाहुण्यांनी मोठ्या पडद्यावर ती बघितली आणि म्हणाले, “मराठी अक्षर असं डौलात बसलेलं मी वेबसाइटवर पाहिलं नव्हतं.” ते वाक्य मी किती दिवस मनात चघळत होतो, सांगत नाही.

मग समितीनं ठरवलं, आता दर शनिवारी जमायला नको. नव्या पुस्तकांची यादी महिन्याला वेबसाइटवर लावायची, सदस्यांनी घरबसल्या मत कळवायचं. हात मीही वर केला. बसचा त्रास वाचेल आक्काचा, असं मी बोलूनही दाखवलं.

आक्काचे डोळे त्याच सुमारास जात होते. काचबिंदू. आधी कडा गेल्या, मग मधलंही धूसर झालं. माझ्या भाच्यानं, म्हणजे तिच्या मुलानं, तिला बोलणारा फोन घेऊन दिला. म्हणजे फोन साधाच, पण त्यात एक सोय चालू केली की पडद्यावर बोट फिरवाल तिथं जे लिहिलंय ते तो मोठ्यानं वाचतो. सत्तरीच्या पुढची बाई, पण तिनं ते शिकून घेतलं. बातम्या ऐकायची, भाच्याचे मेसेज ऐकायची, मला फोन करून “आज पेट्रोल महागलंय बघ, तुझ्या गाडीला सांग” म्हणायची.

पण यादीवर तिचं मत येईना. एक महिना नाही, दुसरा नाही. समितीतले लोक विचारायला लागले. तिसऱ्या महिन्यात ती स्वतःच निपाणीला आली. शेजारची बाई दवाखान्यात येणार होती, तिच्याबरोबर. छापखान्यात येऊन बसली, फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “ऐक आता तुझी वेबसाइट.”

तिनं बोट फिरवलं. फोन बोलला, “नोटीस फायनल फायनल टू.”

मी ओळखलं. ते चित्राच्या फाइलला मी दिलेलं नाव होतं.

बोट खाली, तेवढ्याच टाइप केलेल्या बटणांवर गेलं. “इथे क्लिक करा.” अजून खाली. “इथे क्लिक करा. इथे क्लिक करा.”

“इथं म्हंजे कुठं रं?” आक्का म्हणाली. “मी आपली क्लिक करतीया. उघडतंय ते परत फायनल फायनलच.”

मग तिचं बोट कन्नड पानावर गेलं आणि फोन धडाधडा बोलायला लागला. “नम्म वाचनालयक्के स्वागत.” सगळं पान वाचलं त्यानं, स्वल्पविरामाला थांबत.

“बघितलास?” ती म्हणाली. “मराठी वाचनालय, आन् मराठीच तेवढी मुकी.”

मी हसण्यावारी नेलं. “आक्का, फोन जुना झालाय तुझा. नवा घ्यायला सांग पोराला.”

“व्हय? मग कन्नड कसं वाचतोय जुना फोन?”

मी चहा सांगितला. ती गेल्यावर सुनेला फोन केला आणि ऐकलेलं सगळं सांगितलं. तिनं दोन वाक्यांत उलगडून दिलं. “मामा, तुम्हाला दिसतात ती अक्षरं आहेत, पण फोनला ते नुसतं चित्र आहे. चित्रात काय लिहिलंय हे त्याला धड कळत नाही.” मी विचारलं, उपाय? म्हणाली, “सगळा मजकूर परत टाइप करायचा. सरळ. आणि ‘इथे क्लिक करा’ काढून काय उघडणार आहे ते लिहायचं. ‘नव्या पुस्तकांची यादी’, असं. बराच वेळ जाईल, पण अवघड काही नाही.”

त्या फोननंतर मला कळलं नाही असं म्हणायला जागा उरली नव्हती. म्हणून तो लिहून ठेवतोय.

वार्षिक सभा तोंडावर आली होती. सभेत वेबसाइटचं कौतुक व्हायचं होतं, माझं नाव घेतलं जायचं होतं. त्या आधी उठून सांगायचं, की ही वेबसाइट एका सदस्याला वाचताच येत नाही, आणि ती माझीच बहीण आहे? मी म्हटलं, सभा होऊ दे, मग निवांत बघू. समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, “अण्णा, आक्कांचं काय करायचं? मतच कळवत नाहीत.” मी म्हणालो, “तिला आता झेपत नाही. वाचनातही रस राहिला नाही तिला.” सगळ्यांना वाईट वाटलं. कुणीतरी म्हणालं, मग सभेत सत्कार करू या, मानानं मोकळं करू या. मी मान हलवली. वाचनात रस राहिला नाही! ज्या बाईनं फोनला बोलायला लावून वाचायची धडपड चालवली होती, तिच्याबद्दल तिच्या सख्ख्या भावानं हे सांगितलं, म्हणून कुणी शंकाही घेतली नाही.

सभेला आक्का आली ती पुस्तकांवर बोलायची तयारी करून. मी तिला सांगितलंच नव्हतं सत्कार कशाचा ते. मीच तिचा हात धरून व्यासपीठावर नेलं. अंगावर शाल पडली तशी ती दचकली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “हे काय चाललंय रं?”

“सत्कार आहे. उभी राहा नीट.”

“कशाचा?”

तोवर अध्यक्षांचं भाषण सुरू झालं होतं आणि त्यातून तिला कळलं. फोटो निघाला तो त्याच क्षणी. मग तिला माइकसमोर आणलं. ती एवढंच बोलली, “यादी मला ऐकू आली असती तर मी वाचली असती.” लोकांना वाटलं, कानही गेले बिचारीचे. टाळ्या वाजल्या.

त्यानंतर ती माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती नेहमीसारखी बोलायची, पण पेट्रोलचे भाव सांगायला फोन करेनाशी झाली. वाचनालयाचं नाव काढत नव्हती. मीही काढत नव्हतो. अशी वर्षं गेली. गावात गोष्ट तयार झाली होती: आक्कांनी डोळ्यांमुळं स्वतःहून समिती सोडली, भावानं थाटात निरोप दिला. लोक मला चांगला भाऊ म्हणायचे. मी ऐकून घ्यायचो.

गेल्या हिवाळ्यात मी संकेश्वरला गेलो होतो. आक्का दारात उन्हाला बसलेली, फोन मांडीवर, आणि फोन एक कन्नड कथा वाचत होता. मी ऐकत उभा राहिलो. तिला चाहूल लागली.

“आलास? बस. एवढं संपू दे, नवरा परत येतोय काय बघू.”

गोष्टीतला नवरा परत आला नाही. तिनं फोन बंद केला.

“कन्नडच वाचतेस आता?” मी विचारलं.

“लई चांगलं लिवत्यात. शाळेत असताना पाटीपुरतं कन्नड यायचं, आता बघ कसं भराभर कळतंय.” मग म्हणाली, “तसं मराठीबी लई बोलाय लागलंय आता फोनवर. गोष्टी हायत, बातम्या हायत. तुमचंच तेवढं मुकं ऱ्हायलंय.”

टोमणा नव्हता तो. पावसाची खबर द्यावी तसं सांगितलं तिनं. याचा अर्थ ती अजूनही अधूनमधून आमच्या वेबसाइटवर बोट फिरवून बघत होती. इतक्या वर्षांनी. परतताना बसमध्ये मला दुसरं काही सुचेना.

निपाणीत आल्यावर मी कामाला लागलो. सुनेनं फोनवरून कसं करायचं ते सांगितलं, टाइप मीच केलं. एकेक चित्र उघडायचं आणि समोर ठेवून अक्षरं परत लिहून काढायची. जी अक्षरं मी स्वतः गोठवली होती ती स्वतःच वितळवत बसलो होतो. जुन्या याद्यांत मी नवी पुस्तकं लाल रंगात दाखवली होती आणि वर सूचना होती, ‘लाल पुस्तकांवर मत द्यावे.’ न बघणाऱ्याला लाल कसं कळणार, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. तिथं ‘नवे’ असा शब्द घातला. शीर्षकं शीर्षकं म्हणून लावली, म्हणजे ऐकणाऱ्याला एकावरून दुसऱ्यावर उडी मारता येते, सगळं पान ऐकत बसावं लागत नाही. मधलं पान उघडण्याची आक्काची जुनी रीत आता तिला परत मिळेल, असं वाटलं. प्रत्येक पान झालं की डोळे मिटून माझ्या फोनवर ऐकायचो. डोळे मिटल्यावर सुरुवातीला माझं बोट भरकटायचं, आणि ती कितीदा अशी भरकटली असेल ते कळायचं.

शेवटी फोटो राहिले. वेबसाइटवर फोटो टाकताना त्याच्या मागे एक ओळ लिहायची सोय असते. त्यात काय दिसतंय ते लिहायचं. डोळ्यांनी बघणाऱ्याला ती ओळ दिसत नाही, बोलणारा फोन तेवढी वाचून दाखवतो. इमारतीचा फोटो, कपाटांचा फोटो, लहान मुलांच्या स्पर्धेचा फोटो, सगळे झाले. मग हा आला.

मी आधी लिहिलं, ‘सत्काराचा फोटो.’ ऐकलं. खोडलं. मग फोटोकडं बघितलं, बहुतेक पहिल्यांदाच. आणि लिहिलं:

‘व्यासपीठावर समितीची माणसं उभी आहेत. मधे आक्का. अंगावर हिरवी शाल, तिला बारीक जरीची किनार. सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसत आहेत. आक्का दुसरीकडे बघत आहेत, कारण कॅमेरा कुठे आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही. हा सत्कार कशाचा आहे हेही सांगितलं नाही. त्यांनी समिती सोडली नव्हती. डावीकडे त्यांचा हात धरून उभा आहे तो त्यांचा भाऊ. त्याला सगळं माहीत होतं.’

जतन केलं. बघणाऱ्यांसाठी खालचं वाक्य मात्र तसंच चित्रात ठेवलं होतं, ‘स्वेच्छेने निवृत्त.’ मागचं आक्काला ऐकू येणार होतं, पुढचं गावाला दिसत राहणार होतं. खरं सांगायचं तर मला ती सोय बरी वाटली. तिच्यापुरती माफी मागून झाली, आणि गावात चांगला भाऊही राहिलो.

मी आक्काला कळवलं नाही. तिचं बोट फिरेल तेव्हा फिरेल, म्हटलं. आठवड्याच्या आतच तिचा फोन आला. मी छापखान्यातच होतो.

“अरं, बोलाय लागलं की तुमचं!” आवाजात हसू होतं. “यादी ऐकली समदी. त्यातलं ते प्रवासवर्णन कुणी निवडलं? मधलं पान वाचलंय का कुणी?”

“वाचनालयात एक प्रत आलीय. तुला वाचून दाखवू का?”

“नको. फोनवर ऐकलंय मी ते, तू वाचशील तेवढ्यात दोन ऐकीन.” मग म्हणाली, “फोटोबी ऐकला.”

मी चालू यंत्र बंद केलं.

“शाल हिरवी होती व्हय रं? मला कुणी सांगितलंच न्हाई. मी आपली राखाडी समजून बसलेली. शेजारणीला देऊन टाकली. हिरवी हाय म्हणून कळलं असतं तर ठेवली असती.”

“आक्का...”

“थांब, मला बोलू दे. जे लिवलंयस ते बरं लिवलंयस. पण मला कशाला सांगतोयस? मी तिथं उभी होते की. मला ठाऊकच हाय. ज्यांना दिसतंय त्यांच्यासाठी खाली काय लिवलंय ते पोराकडनं वाचून घेतलं मी. ते तसंच ठेवलंस. म्हंजे मला एक आन् गावाला एक?”

“काढतो ते वाक्य.”

“नुसतं काढू नकोस. काढलं तर लोकांना काय कळणार? त्यांना वाटंल, चूक झाली छपाईची.” ती शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली, “नीट लिव. सरळ अक्षरात. चित्र नको करूस.”

म्हणून हे लिहिलं. वाचनालयाच्या अध्यक्षांना मी ते नेऊन दिलं तेव्हा ते कागद वाचून म्हणाले, “अण्णा, इतक्या वर्षांनी कशाला उकरताय?” मी म्हणालो, तुम्ही मला विचारलं होतं आक्कांचं काय करायचं, आणि मी खोटं उत्तर दिलं होतं. आज खरं देतोय. फोटोखालचं वाक्य मी बदललं आहे. आता तिथं असं आहे: ‘यांना समितीतून काढण्यात आलं. पुस्तकांच्या याद्या त्यांना वाचता येतील अशा रीतीने लावलेल्या नव्हत्या. याद्या लावणाऱ्याला ते माहीत होतं.’ खाली हा लेख जोडला आहे, सरळ टाइप करून.

समितीनं आक्काला परत बोलावलं आहे. तिनं लगेच होकार दिला नाही. म्हणाली, आधी तीन-चार महिने याद्या वेळेवर बोलतात का बघते, मग सांगते. पण प्रवासवर्णनाविरुद्धचं तिचं मत तिनं त्याच दिवशी वेबसाइटवरून कळवलं. बऱ्यापैकी कडक आहे. समितीत त्यावर वाद चालू आहे.

हा लेख मी तिला आधी ऐकायला पाठवला होता. ऐकून तिनं दोन गोष्टी सांगितल्या. फोन ‘दाजी’ नीट म्हणतो, पण ‘रफार’ला अडखळतो. आणि शेजारणीकडं ती शाल अजून आहे, परत मागून बघते म्हणाली.